शब्दांपुढची ओठांची चित्रं

सर, तुम्हाला ऐकू येत नव्हतं.

तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, तुमच्या वर्गात मी नववीत बसत होते त्याला त्रेचाळीस, आणि मला हे गेल्या मंगळवारी दुपारी ढोकीत, तुमच्याच घरी, चहाची कपबशी हातात असताना कळलं. काकूंनी ते इतक्या सहज सांगितलं की पहिल्यांदा माझ्या डोक्यात ते शिरलंच नाही. तुमचा तो जाडजूड इंग्रजी शब्दकोश माझ्या मांडीवर उघडा होता. पानापानांवर शब्दांच्या बाजूला तुम्ही पेन्सिलीनं बारीक चित्रं काढलेली होती. मला आधी वाटलं मासे आहेत. काही मिटलेले, काही अर्धवट उघडे, काही गोल. मग लक्षात आलं, ओठ आहेत. एकेका शब्दापुढं चार चार, पाच पाच ओठ. मी हसून विचारलं, "काकू, हे हो काय?" तर त्या म्हणाल्या, "अगं, त्यांना ऐकू यायचं न्हाय ना. मग ओठ पाठ करून ठेवायचे."

मी म्हणाले, "शेवटी शेवटी का?"

"शेवटी कशाला? तुम्हाला शिकवत होते तवाच एक कान पार गेलेला. दुसऱ्यात कारखान्याचा भोंगा वाजला तर काहीतरी घुमल्यागत व्हायचं म्हणत. बाकी काय न्हाय." मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांनीच विचारलं, "म्हणजे तुम्हाला पोरांना कळलं नव्हतं?"

मी कप खाली फरशीवर ठेवला.

मी गेले होते वेगळ्याच कामासाठी. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय. चौतीस वर्षं धाराशिवच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं, आणि इंग्रजीच्या नव्या शिक्षकांसमोर एक भाषण करा म्हणून मला सांगितलं होतं. विषय त्यांनीच काढला, दुर्मीळ शब्द, त्यांची मुळं, त्यांचे उच्चार. त्या बाबतीत माझं थोडं नाव आहे. त्या बाईंकडे शब्दांच्या गोष्टी असतात, असं लोक म्हणतात. सगळ्या गोष्टी तुमच्या. म्हणून भाषणाआधी तुमचा शब्दकोश एकदा बघावा असं वाटलं आणि मी एसटीनं ढोकीला आले. काकू आता शहात्तरच्या आहेत. गुडघे धरलेत, पण डोळे अजून लखलखीत. मी तुमची विद्यार्थिनी म्हटल्यावर त्यांनी न विचारता कपाट उघडलं.

मंगळवारपासून मी एकेक दिवस काढून बघतेय. तुम्ही तासाला यायच्या आधीच फळ्यावर उजव्या कोपऱ्यात शब्द लिहिलेला असायचा. मधल्या सुट्टीत तुम्ही येऊन तो लिहून ठेवत होता, म्हणजे तासाला आमच्याकडं पाठ फिरवायला नको. ज्याला उत्तर द्यायचं असेल त्याला तुम्ही खिडकीशी बोलवायचात. "उजेडात ये. उजेडात येऊन बोल." आम्हाला वाटायचं ही तुमची शिस्त आहे. इतर तासांना घंटा वाजली की शिक्षक निघून जायचे, तुमच्या तासाला मात्र शिपाईमामा दारात येऊन उभे राहायचे आणि तुम्ही त्यांच्याकडं बघून खडू ठेवायचात. आम्हाला वाटायचं हा तुमचा मान आहे. मागच्या बाकावरची पोरं तुमच्या नावानं काहीबाही बोलायची आणि तुम्ही शांत असायचात. आम्हाला वाटायचं तुमचं काळीज मोठं आहे. साठ पोरं होतो आम्ही, सर. साठजणांचे एकशेवीस कान, आणि एकाच्याही ध्यानात आलं नाही.

शिबोलेथचा दिवस मला सगळ्यात जास्त छळतोय. जुनी हिब्रू गोष्ट. नदीच्या उताराशी पहारा बसलेला, येणाऱ्या प्रत्येकाला एकच शब्द म्हणायला लावायचे, शिबोलेथ. अर्थ साधाच, धान्याचं कणीस. पण शत्रूच्या माणसांना श म्हणता यायचा नाही. सिबोलेथ म्हणाला की तिथंच कापायचे. तुम्ही गोष्ट सांगून थांबलात आणि म्हणालात, "तेरणेच्या उतारावर असा पहारा बसवला, तर या वर्गातले किती जण पलीकडं पोचतील?" आम्ही सगळे साळा, सेत आणि सेंगा म्हणणारे. मग तुम्ही एकेकाला खिडकीशी घेतलंत. मी बघतेय, माझ्या पुढचा मुलगा म्हणतो सिबोलेथ, तुम्ही लगेच हात आडवा करून म्हणता, "गेला. मेला. पुढचा." वर्ग हसून लोळतोय. एकाचाही स तुमच्या हातून सुटला नाही. श म्हणताना ओठ पुढं येतात आणि स म्हणताना मागं ताणले जातात, हे मी स्वतः दरवर्षी अकरावीच्या मुलांना सांगते. तुम्ही ओठ बघत होता. कागदाची पट्टीही तशीच. वहीच्या पानाची अरुंद पट्टी आमच्या तोंडापुढं धरायचात, इंग्रजीतला पेन म्हटला की ती हलली पाहिजे आणि बेन म्हटला की हलता कामा नये. ओठांवरून प आणि ब सारखेच दिसतात, त्यांतला फरक तुम्ही कागदाच्या हालण्यावरून ओळखत होता. मी ही पट्टी चौतीस वर्षं वापरतेय. मुलांना फार आवडते. ती कशासाठी होती हे मला आत्ता कळतंय.

आणि सर्ड. गणिताच्या सरांनी करणी शिकवली त्याच आठवड्यात तुम्ही तो शब्द फळ्यावर लिहिलात. म्हणालात, जे वर्गमूळ कधी पूर्ण सुटत नाही त्याला अरबी गणिती बहिरं मूळ म्हणायचे, लॅटिनमध्ये नेताना भाषांतर करणाऱ्यांनी बहिरा हाच शब्द ठेवला, तोच हा सर्ड. आणि मग तुम्ही एकटेच हसलात, खूप वेळ. आम्ही एकमेकांकडं बघत बसलो. भर वर्गात तुम्ही बहिरा हा शब्द उच्चारलात, त्यावर हसलात, आणि आम्ही वहीत त्याचं स्पेलिंग उतरवून घेतलं.

काकूंनी मला सगळं पहिल्यापासून सांगितलं. लग्न होऊन दोन वर्षं झाली असतील तेव्हा तुम्हाला क्षय झाला. सोलापूरला दाखवलं, महिनोन् महिने सुया टोचून घेतल्या. "छाती बरी झाली," काकू म्हणाल्या, "पण कानात शिट्टी वाजाया लागली. आधी वाटलं आशक्तपणा असंल. मग एकदा पोरगी पाळण्यात रडत होती आन् हे बाजूलाच वाचत बसलेले. म्या मागच्या दारातून पळत आले. तवा मला कळलं." डॉक्टरांनी सांगितलं, औषधानं झालंय, आता जे गेलं ते गेलं, राहिलेलंही हळूहळू जाईल. तुम्ही तोवर शाळेत लागलेले होता. थायसिस हा शब्द तुम्ही आम्हाला शिकवला होता, सर. स्पेलिंगमधली सुरुवातीची दोन अक्षरं बोलताना गप्प राहतात, मूळ ग्रीक, अर्थ झिजत जाणं, म्हणजे क्षय. प्रत्येक शब्दाला तुम्ही एक वाक्य द्यायचात, त्या दिवशी दिलं नाहीत. मी वहीत वाक्यासाठी जागा सोडली होती.

रोज पहाटे तुम्ही आरशासमोर बसायचात असं काकू म्हणतात. कान गेल्यावर स्वतःचा आवाजही विसरायला होतं, बोलणं सैल पडत जातं, म्हणून कान धड होते तेव्हा रेडिओवर ऐकून जे उच्चार पक्के केले होते ते रोज आरशात बघून घासायचे. काकू चुलीपाशी. सातवी शिकलेल्या, इंग्रजीचं अक्षर न येणाऱ्या. त्यांनी ऐकायचं आणि कालच्यासारखं आलं की मान हलवायची, वेगळं वाटलं की पोळपाटावर लाटणं आपटायचं. फरशीतून ते तुम्हाला जाणवायचं. "मला अर्थ एकाचाबी कळत नव्हता," त्या म्हणाल्या, "पण कालचा आन् आजचा एकच हाय का, तेवढं मला कळायचं." मी एम.ए.च्या तोंडी परीक्षेला गेले तेव्हा परीक्षकांनी विचारलं होतं, तुम्ही कुठल्या कॉन्व्हेंटमध्ये होता? मी म्हणाले, तेर आणि ढोकीच्या मधल्या एका खेड्यात शिकले. मग उच्चार? तर मी सांगितलं, रेडिओ ऐकून ऐकून. तुमचं नाव घेतलं नाही. तेव्हा माझ्या मनात तुम्ही इंग्रजी न येणारे सर होता. तसे तुम्ही का झालात, ते आता लिहिते.

माझ्या वरच्या ओळीत एका दातावर दुसरा दात आला होता. म्हणून मी बोलताना तोंडावर हात धरायची. घरी सगळ्यांना सवय झाली होती, वर्गात मी फारशी बोलत नसे. इंग्रजीच्या वाचनात मात्र माझा पहिला नंबर, कारण वाचताना पुस्तक दोन्ही हातांत धरावं लागायचं. एक दिवस तुम्ही कुठल्याशा शब्दाचा अर्थ विचारला आणि मी खिडकीशी येऊन, सवयीनं तोंडावर हात धरून, उत्तर दिलं. बरोबर दिलं होतं. तुम्ही म्हणालात, "हात काढ." मी थोडा काढला आणि परत सांगितलं. "हात काढ." माझा हात निघेना. तुम्ही पट्टी टेबलावर अशी आपटलीत की शाईची दौत उडाली. "तोंड झाकून बोलणाऱ्याचं मी ऐकत नसतो!"

मी हात काढला. वर्गानं माझे दात बघितले. मागून एक पोरगी म्हणाली, "दाताडी." तुम्हाला ते ऐकू आलं नाही, हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला वाटलं, ऐकलं आणि चालवून घेतलं. शाळा सुटेपर्यंत माझं तेच नाव पडलं आणि दहावीपर्यंत टिकलं. घरी जाऊन मी आईला म्हणाले, मला त्या शाळेत जायचं नाही. आई म्हणाली, "मास्तर बोलले म्हणून कुणी साळा सोडतं व्हय?"

आठ दिवसांनी तपासणी आली. शिक्षण खात्याचे साहेब तुमच्या तासाला येऊन बसले. तुमच्या डाव्या अंगाला, जरा मागं. फळ्यावर त्या दिवशीचा शब्द होता मम्प्सिमस. साहेबांनी भुवया वर करून विचारलं, हे काय? तेव्हा तुम्ही त्यांच्याकडं वळलेले होता, म्हणून तुम्ही सुरेख उत्तर दिलंत. एक म्हातारा पाद्री रोजच्या प्रार्थनेत एक लॅटिन शब्द चुकीचा म्हणायचा, सुम्प्सिमसच्या जागी मम्प्सिमस. कुणीतरी चूक दाखवली तर म्हणाला, इतकी वर्षं हेच म्हणत आलोय, तुमच्या नव्या शब्दासाठी माझा जुना सोडणार नाही. तेव्हापासून चूक कळूनही न सोडणाऱ्या माणसाला तो शब्द लागला. साहेबांनी मान हलवली. खूश दिसले. म्हणाले, आता एखाद्या विद्यार्थ्याला धडा वाचू द्या.

तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. साठजणांतून मला उठवलंत. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी आजवर घमेंड समजत होते.

मी उभी राहिले आणि पुस्तक वर उचललं. नेहमी छातीशी धरायची, त्या दिवशी नाकापर्यंत नेलं. पहिल्या दोन ओळी सरळ वाचल्या. मग त्याच चालीत, तसाच स्वल्पविरामाला दम घेत, मी म्हणाले, "अवर सर इज अ मम्प्सिमस. ही नोज नथिंग, अँड ही विल नेव्हर लर्न." म्हणजे आमचे सर मम्प्सिमस आहेत, त्यांना काही येत नाही आणि कधी येणारही नाही. दोनदा म्हणाले. मला वाटलं होतं तुम्ही ओरडाल, मला बाहेर काढाल आणि साहेबांसमोर तुमची फजिती होईल. तेवढंच हवं होतं. पण तुम्ही माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाकडं बघत प्रसन्न मान हलवलीत. "गुड," म्हणालात. "व्हेरी गुड. प्रत्येक उच्चार बरोबर."

कुणी हसलं नाही, सर. चौदा वर्षांची पोरं, पण कुणी हसलं नाही.

साहेब तुमच्या मागून म्हणाले, "मास्तर, ही काय वाचतेय?" तुम्ही माझ्याकडंच बघत राहिलात. साहेबांनी आवाज चढवला, "मास्तर, मी तुम्हाला विचारतोय!" दारात उभ्या शिपाईमामांनी हातानं काहीतरी खूण केली, तुम्हाला ती दिसली, तुम्ही साहेबांकडं वळलात आणि हसत म्हणालात, "साहेब, ही आमच्या शाळेतली सगळ्यात स्वच्छ उच्चारांची मुलगी."

साहेबांनी फाईल बंद केली. इंग्रजीच्या शिक्षकाला समोर वाचलेलं इंग्रजी कळत नाही, असा शेरा मारला गेला. पंधरा दिवसांत तुमच्याकडून विषय काढून घेतला. वाचनालयाच्या दोन कपाटांच्या किल्ल्या आणि शाळेचं दप्तर तुमच्याकडं दिलं. दुसरे सर आले, ते खडखडीत इंग्रजी बोलायचे, कोलोनेल म्हणायचे कर्नलला. फळ्याचा उजवा कोपरा रिकामा झाला. वीस वर्षं तुम्ही त्या शाळेत हजेरीपट आखत राहिलात. कुणाला एका शब्दानं सांगितलं नाहीत की मला इंग्रजी येतं, फक्त ऐकू येत नाही.

"का सांगितलं नाही?" मी काकूंना विचारलं. त्या माझ्याकडं नवलानं बघायला लागल्या. "बहिरा म्हणले असते तर घरी बसवला असता. दोन पोरी होत्या पदरात. इंग्रजी येत न्हाय म्हणले, तर नुसता विषय काढला. पगार चालू राहिला की." किती साधं होतं. तुम्ही अडाणी ठरणं पत्करलंत. आणि ज्यानं तुम्हाला अडाणी ठरवलं ते माझं वाक्य होतं, तुम्हीच शिकवलेल्या शब्दाचं, तुम्हीच घासून घेतलेल्या उच्चारांचं.

दहावीच्या निरोपाच्या दिवशी तुम्ही मला वाचनालयात बोलावून एक गोल आरसा दिलात, पितळी कडीचा. म्हणालात, "यात बघून बोलत जा." मला वाटलं, जाता जाताही माझे दात दाखवतायत. घरी नेऊन फेकला. माझ्या वडिलांनी, बापूंनी, तो उचलला आणि खिळ्याला टांगून पुढं कित्येक वर्षं त्यात दाढी केली. मंगळवारी काकू सांगत होत्या, "विषय गेल्यावर वरीसभर बसायचे तरी आरशापुढं. मग एक दिवस म्हणले, आता मला लागत न्हाय, लागंल त्या पोरीला देऊन आलो."

याहून वाईट पुढं आहे. ती तपासणीची गोष्ट मी चौतीस वर्षं विनोद म्हणून सांगत आले. स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, प्रशिक्षणाला आलेल्या शिक्षकांना. आमचे एक इंग्रजीचे सर होते, मी त्यांच्या तोंडावर त्यांना मूर्ख म्हटलं आणि ते म्हणाले, व्हेरी गुड! मी तुमची मानसुद्धा हलवून दाखवायची. लोक डोळे पुसेपर्यंत हसायचे. गेल्या वर्षीही सांगितली. इतकी वर्षं चुकीची गोष्ट घोकत राहणाऱ्याला काय म्हणतात ते तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतं, आणि मी तेही हसण्यावारी नेलं.

मंगळवारी निघताना काकूंनी मला दारात थांबवलं. म्हणाल्या, "तू त्याच वर्गातली ना? तपासणीला एक पोरगी उठवली होती. तिनं पुस्तक तोंडापुढं धरलं. हे घरी आल्यावर म्हणले, म्या त्या लेकराला चारचौघांत लाजवलं होतं, म्हणून ती तोंड झाकत होती. चूक माझीच. लई दिवस तेच घोकत होते. कोण होती गं ती?"

मी म्हणाले, "नाही आठवत, काकू." आणि एसटी गाठायची म्हणून जवळजवळ पळाले.

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. कॉलेजात मुलं प्रश्न विचारत होती आणि मी त्यांच्या ओठांकडं बघत होते. एका तासाला मी कानांत कापूस घालून बसले, मुलांना सांगितलं सर्दी झालीय. कापसातून तरी थोडं ऐकू येतं. तरी पंधरा मिनिटांत मला दरदरून घाम फुटला. तुम्ही हे रोज सहा तास करत होता.

काल रविवारी मी परत ढोकीला गेले. काकू ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी बसलेही नाही. उभ्यानंच म्हणाले, "काकू, ती पोरगी मीच." त्यांनी शेंगा खाली ठेवल्या. मला वाटलं आता उठून दार लावून घेतील. त्या म्हणाल्या, "इकडं ये. बस. दात दाखव बघू."

सत्तावन्न वर्षांची मी त्यांच्यासमोर तोंड उघडून बसले. तो वरचा दात मी नोकरी लागल्यावर काढून ओळ सरळ करून घेतली होती, त्याची अगदी बारीक खूण उरलीय. काकूंनी माझी हनुवटी धरून उजेडाकडं फिरवली आणि त्यांना हसू आलं. "एवढ्याशा दातापायी व्हय! आन् हे जन्मभर झुरले. अगं बाळ, तू तरी किती लहान होतीस." मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. आतून पाणी आणलं, गूळ आणला.

मग म्हणाल्या, "आता येवढं सांग. त्या दिवशी तू वाचलंस तरी काय? साहेबाला राग येण्यासारखं काय होतं त्यात? हे शेवटपर्यंत मला विचारायचे. शाळेत कुणी सांगितलं न्हाय त्यांना, आन् विचारावं तर बिंग फुटंल. दवाखान्यात बोलणं बंद झालं तवा बी पाटीवर लिहून विचारलं त्यांनी मला, पोरीनं काय वाचलं असंल?"

काकू वाट बघत होत्या. त्यांनी परत हातात घेतलेली शेंग अर्धीच फोडलेली होती.

मी म्हणाले, "धडाच वाचत होते, काकू. घाबरले आणि दोन ओळी गाळल्या, एवढंच."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "म्या बी त्यांना तेच लिहून दिलं होतं," म्हणाल्या. "धड्यातलंच असंल म्हणून."

सर, काय वाचलं ते मी या पत्रात शब्दन् शब्द लिहिलंय. तुम्ही विचारलं होतं म्हणून. हे कुठं टाकायचं ते मला माहीत नाही आणि काकूंच्या हाती मी ते देणार नाही. काल घरी येताना बसमध्ये मी स्वतःला समजावत होते की त्यांना या वयात दुखवू नये म्हणून मी खोटं बोलले. तसं नाही. त्या मला बाळ म्हणाल्या होत्या, आणि खरं सांगून मला ते घालवायचं नव्हतं.